सक्तीचा परवाना : एकदाच उघडलेले दार

९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी एक आदेश दिला. मूत्रपिंड आणि यकृताच्या बळावलेल्या कर्करोगावरचे सोराफेनिब हे औषध बायर कंपनी ‘नेक्सावर’ नावाने विकत होती. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. तेवढ्याच गोळ्या ८,८८० रुपयांत विकण्याचा परवाना हैदराबादच्या नॅटकोला मिळाला, तोही बायरची संमती नसताना. बायरला ६ टक्के रॉयल्टी द्यायची आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट पुरवायचे, अशा अटी होत्या.

मी कायदा शिकलेला नाही, पण हा आदेश मी अनेकदा वाचला. पेटंट कायद्याच्या कलम ८४ मधले तीन प्रश्न त्यात आहेत. औषध लोकांपर्यंत पोहोचते का? परवडते का? पेटंटचा वापर भारतात होतो का? पहिल्याला आकडेच बोलले : गरजूंपैकी जेमतेम २ टक्क्यांना ते मिळत होते. सिप्लाची स्वस्त गोळी बाजारात आहेच, असा बायरचा युक्तिवाद होता. गंमत अशी की त्याच सिप्लाला बायरने कोर्टात खेचले होते! किमतीबाबत संशोधनाचा खर्चही धरावा, असे बायर म्हणत होती. महानियंत्रकांनी ‘परवडणारी’ हा शब्द विकत घेणाऱ्याच्या खिशावरून मोजला. मला तो न्याय्य वाटतो.

तिसऱ्या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १९५९ साली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी आपल्या अहवालात दाखवले होते, की भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशीयांची आहेत आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक इथे वापरलीच जात नाहीत. (‘एकस्व’ हा सरकारी शब्द, लोकांनी तो कधी उचलला नाही.) त्या अहवालाच्या पायावर १९७० चा कायदा उभा राहिला. त्याने औषधाच्या कृतीला पेटंट ठेवले, औषधाला नाही. भारतीय कंपन्या त्यावरच वाढल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये औषधाचे पेटंट परत आले. मग हाताशी उरलेल्या मोजक्या उपायांत सक्तीचा परवाना हा एक.

पण त्याची चाल पाहा. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही. बायरचे पेटंट मार्च २००८ चे. नॅटकोने आधी डिसेंबर २०१० मध्ये बायरकडेच परवाना मागितला, मग जुलै २०११ मध्ये अर्ज केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या जुलैत आदेश कायम ठेवला आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बायरची याचिका फेटाळली. यकृताचा कर्करोग बळावलेल्या रुग्णाकडे मात्र बहुधा काही महिनेच असतात.

पुढे रक्ताच्या कर्करोगावरील डासाटिनिबसाठी बीडीआरचा अर्ज २०१३ मध्ये, तर मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्माचा २०१६ मध्ये फेटाळला गेला. कलम ८४ खाली दुसरा परवाना अजून निघालेला नाही.