ढकलायचं मशीन स्वतः चालायला कधी लागलं?



द्राक्ष, डाळिंब, आंब्याच्या बागेत दोन ओळींतलं गवत मुळासकट न काढता कापून जागेवरच पाडायचं, हे आता बरेच जण करतात. जमीन झाकलेली राहते, ओल टिकते. त्यासाठी काही जण जुनी, वापरलेली लॉन मोअर घेतात. घेताना सगळे इंजिन बघतात. दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, पात्याचा आवाज आला की पैसे मोजले. घरी आणल्यावर कळतं की मशीन कापतंय, पण चाक ओढत नाही. मग चाळीस किलोचा धूड भर उन्हात ढकलत बसायचं.

हे चाक ओढणं या मशीनमध्ये आलं कुठून, ते आज लिहितो. इतिहास कळला की बिघाड कुठं शोधायचा तेही कळतं, म्हणून.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर भागात स्ट्राउड नावाचं गाव आहे. तिथं लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झालं की त्याच्या अंगावर केस उभे राहायचे. ते सारखे कापायला एक यंत्र होतं, त्यात पिळाची पाती बसवलेला रूळ फिरायचा. त्या भागात एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. मूळचा सुतारकामातला, नंतर गिरण्यांच्या यंत्रांवर काम करणारा. कापडावरचे केस कापता येतात तर जमिनीवरचं गवत का नाही, हा विचार त्यानं केला. 31 ऑगस्ट 1830 ला त्याला पेटंट मिळालं. जॉन फेराबी या कारखानदारानं ते मशीन थ्रप इथल्या आपल्या कारखान्यात तयार केलं. कापायची रुंदी 19 इंच.

तोवर हिरवळ कापायची म्हणजे लांब दांड्याचा मोठा विळा. तोही पहाटे दव असताना चालवायचा, कारण ओलं गवत विळ्याला नीट येतं. बडिंगच्या मशीनला कोरडं गवत चाललं.

आता मुद्द्याची गोष्ट बघा. या पहिल्या मशीनला इंजिन नव्हतं. माणूस मागून ढकलायचा. मागचा लोखंडी रूळ जमिनीवर फिरायचा आणि बिडाच्या दातेरी चाकांमधून ती फिरत पुढच्या पात्यांकडं जायची. म्हणजे जोर जमिनीकडून यायचा. चाक मालक, पातं नोकर.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. पेरणीयंत्राचं चाक जमिनीवर फिरतं आणि साखळीनं बी पाडणारी चकती फिरवतं, तेच हे. त्याच काळात अमेरिकेत सायरस मॅककॉर्मिकनं 1834 साली कापणीयंत्राचं पेटंट घेतलं. त्यातही घोडा ओढायचा, जमिनीवरचं मोठं चाक फिरायचं आणि त्यावर पातं हलायचं. इंजिन लहान होऊन शेतात यायच्या आधी जमिनीवर फिरणारं चाक हेच इंजिन होतं म्हणा ना.

1832 पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनं परवाना घेऊन बडिंगची मशीनं बनवायला सुरुवात केली. मोठ्या मैदानांसाठी घोड्यानं ओढायची मशीनं आली. हिरवळीवर खुरांचे खड्डे पडू नयेत म्हणून घोड्यांच्या पायात कातडी बूट चढवायचे. 1859 साली लीड्सच्या थॉमस ग्रीननं दातेरी चाकांऐवजी साखळी वापरली. आवाज कमी झाला, म्हणून मशीनचं नावच लॅटिनमध्ये 'मुका कापणारा' अशा अर्थाचं ठेवलं.

पुढं इंजिन आलं. 1893 साली लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या जेम्स समनरनं वाफेवर चालणारं गवत कापायचं यंत्र केलं. वजनाला भारी, आणि पाणी तापून वाफ धरेपर्यंत थांबायचं. ते फार टिकलं नाही, पण त्याच माणसाच्या कामातून पुढं लेलँड मोटर्स उभी राहिली. आपल्या रस्त्यावर पळणाऱ्या अशोक लेलँडच्या नावातलं 'लेलँड' ते हेच गाव. 1902 साली रॅन्सम्सनं पेट्रोल इंजिनचं मशीन बाजारात आणलं.

इथं सगळं उलटं झालं. आता इंजिन रुळालाही फिरवतंय आणि पात्यालाही. आधी चाक पात्याला चालवायचं, आता चाकालाच कोणीतरी चालवायला लागलं. मशीन स्वतः चालायला लागलं ते इथून.

एक बारीक भाग मात्र दोन्ही काळांत तसाच राहिला. हातानं ढकलायच्या रूळपाती मशीनच्या चाकात एक छोटा पिनियन असतो आणि त्याच्या पोटात नखाएवढी एक सरकती पट्टी. आम्ही तिला खटका म्हणतो. मशीन पुढं गेलं की खटका अडकतो आणि पातं फिरतं. मागं ओढलं की खटका सुटतो, पातं थांबतं. वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरतं, तेही हा खटका सांभाळून घेतो. आजच्या बऱ्याच चालत्या मशीनमध्ये हाच खटका आहे, फक्त काम उलटं. पूर्वी चाकाचा जोर तो पात्याला द्यायचा, आता इंजिनचा जोर चाकाला देतो.

मग आडवं फिरणारं पातं आलं. इंग्लंडमध्ये 1933 साली 'रोटोसाइद' नावाचं असं मशीन निघालं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी 1952 साली घरच्या जागेत 'व्हिक्टा' बनवलं. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळाचा रिकामा डबा लावला होता. या मशीनमध्ये पातं सरळ इंजिनच्या दांड्यावर बसतं. मधे दाते नाहीत, साखळी नाही. मशीन हलकं झालं, स्वस्त झालं, उंच गवतही कापायला लागलं.

पण त्याबरोबर चाकाचा आणि पात्याचा संबंध तुटला. चाक नुसतं वजन उचलायला राहिलं आणि ढकलायचं काम परत माणसावर आलं. पुढं चाकाला ओढ द्यायची तर ती वरून जोडावी लागली. काही जुन्या मशीनमध्ये फिरता रूळ टायरवर दाबून चाक फिरवायचे. नंतर पट्टा आणि छोटी गिअरबॉक्स रुळली. पात्याला अख्खं इंजिन, चाकाला मात्र एक बारका पट्टा, मुठीएवढा बॉक्स आणि प्लास्टिकचे दाते. म्हणून जुन्या मशीनमध्ये इंजिन ठणठणीत आणि ओढ मेलेली, असं वारंवार दिसतं.

आता आतली रचना. इंजिनच्या दांड्यावरून पट्टा मागं बॉक्सच्या पुलीवर जातो. बॉक्समध्ये उभा वर्म गिअर असतो, तो आसावरचं दातेरी चाक फिरवतो. हँडलची दांडी दाबली की केबल ओढली जाते आणि क्लच लागतो. आसाच्या दोन्ही टोकांना खटक्याचे पिनियन आणि ते चाकाच्या आतल्या दात्यांत बसलेले. सगळ्या मशीनमध्ये हुबेहूब असंच नसतं, पण साध्या मशीनमध्ये बहुतेक असंच.

वर्म गिअरचा एक गुण आहे. वर्म चाकाला फिरवतो, चाक सहसा वर्मला फिरवू शकत नाही. याचाच उपयोग करून काही न उघडता बिघाडाची बाजू कळते. इंजिन बंद करा, प्लगची वायर काढून ठेवा. दांडी दाबून मशीन मागं ओढा. दोन्ही मागची चाकं अडकून घसटत आली, म्हणजे क्लच, खटके, दाते जागेवर आहेत. दोष पट्टा किंवा पुलीकडं. एकच चाक मोकळं फिरलं तर त्या बाजूचा खटका किंवा दाते गेले. दोन्ही मोकळी फिरली तर आधी केबल बघा. ती ढिली पडून क्लचच लागत नसतो, असं पुष्कळदा होतं. केबलच्या नटाला चार वेढे दिले की मशीन चालतं. केबल ठीक असेल तरच बॉक्सवर संशय घ्या.

माझं मशीन शहरातल्या एका बंगल्याच्या बागेतून आलं. पहिल्या दोरीत सुरू, पण चढ आला की जागेवर थांबायचं. दुकानात सांगितलं, आतलं काही मिळत नाही, अख्खा बॉक्स बदला. सांगितलेली किंमत मी मशीनला दिलेल्या पैशाच्या निम्म्याच्या वर. मी वरची चाचणी केली. उजवं चाक मोकळं फिरलं, डावं कटकट करत घसरलं. म्हणजे बॉक्सपर्यंत जायचीच गरज नव्हती. उजव्या पिनियनचा खटका झिजून गोल झाला होता आणि जुन्या ग्रीसमध्ये गवताचा भुसा बसून घट्ट झाला होता. डाव्या चाकाचे दाते एका अंगानं झिजले होते. खटका तालुक्याच्या लेथवाल्यानं की-स्टीलच्या पट्टीतून घासून दिला. दात्यांसाठी दोन्ही चाकांची अदलाबदल केली. डावं चाक उजवीकडं गेलं की दात्याची न झिजलेली बाजू कामाला लागते. दोन्ही चाकं सारखी असतील तरच हे जमतं. पिनियन मात्र बदलायचे नाहीत, ज्या बाजूचा त्याच बाजूला. उलटे बसवले तर खटका उलटा लागतो आणि मशीन पुढं जात नाही. खटक्याला जाड ग्रीस नको, पातळ तेलाचा थेंब पुरे. मशीन कलंडताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

खर्च बॉक्सच्या किमतीपुढं किरकोळ. पण प्रश्न एका खटक्याचा नाही. बडिंगच्या मशीनचे दाते उघड्यावर होते, तुटलं काय ते डोळ्यांना दिसायचं. आज बॉक्स रिव्हेट मारून बंद, सुटा भाग यादीत नाही, आणि दहा पैशांच्या पट्टीसाठी अख्खं मशीन भंगारात जातं. पॉवर विडर, फवारणी पंप, सगळीकडं हीच गत व्हायला लागली आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं 2023 साली कायदा केला. शेतीयंत्राच्या कंपन्यांनी दुरुस्तीचे भाग, अवजारं आणि माहिती शेतकऱ्याला द्यायला पाहिजे, असा तो कायदा आहे. 1 जानेवारी 2024 पासून लागू. आपल्याकडंही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात शेती अवजारांचं क्षेत्र धरलं आहे. आपण मात्र दुकानात उभं राहून विचारत नाही.

तर यंत्र घेताना, नवं असो की जुनं, दोन प्रश्न विचारा. हा बॉक्स खोलता येतो का? आतला भाग सुटा मिळतो का? उत्तर लिहून घ्या.

जाता जाता एक. गवत कापायचं मशीन काढणाऱ्या बडिंगनं पुढं स्क्रूनं तोंड कमीजास्त होणारा पानाही तयार केला. मशीन करणाऱ्या माणसालाच ते खोलायच्या पान्याचीही काळजी होती.