ठिपक्यांत वाचलेली जमीन

भूकरमापकाची नोकरी संपवून मी सटाण्यातच राहिलो. अजूनही कुणी ना कुणी सातबारा घेऊन ओट्यावर येतं. मध्यंतरी एक आजोबा आले. बांधाला बांध, क्षेत्र सारखं, तरी शेजाऱ्याचा आकार, म्हणजे जमिनीचा सारा, जास्त आणि आपला कमी, हे त्यांना कळत नव्हतं.

"शेताची माती सांगा," म्हटलं आणि कागदावर शेत काढून त्याचे चौकोन पाडले.

ही रीत विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1847 च्या संयुक्त अहवालात पक्की केली. प्रत्येक चौकोनात ठिपके: काळ्या मातीला एक, तांबूस भरड मातीला दोन, मुरमाडीला तीन. सोबत खोली, तीही हातात: पावणेदोन, दीड, सव्वा, अशी पाव हातापर्यंत. वर दोषाच्या खुणा. चुनखडीला तीन टिंबं, उताराला तिरकी रेघ. एक खूण म्हणजे एक प्रत खाली. प्रती नऊ, पहिली 16 आण्यांची, नववी 2 आण्यांची. पावणेदोन हात काळी जमीन सोळा आणे, पण तिच्यात दोन दोष निघाले की बारा. सगळ्या चौकोनांची सरासरी म्हणजे शेताचे आणे, आणि त्यांवरूनच आकार.

एवढा सोपा नकाशा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. हात आणि आणा प्रत्येक कुणब्याला ठाऊक होते. पण कागद दप्तरात राहिला. 1852 मध्ये खानदेशात सावदा, फैजपूर, यावलकडे लोकांनी मोजणी अडवली, लष्कर आणावं लागलं. आमचं हे बागलाणही तेव्हा खानदेशातच होतं; नाशिक जिल्हा झाला 1869 मध्ये. सारा वाढण्याची धास्ती खरीच होती. तरी वाटतं, कारकुनानं ते ठिपके बांधावर बसून दाखवायला हवे होते.

आजोबांनी तिरक्या रेघेवर बोट ठेवलं. "हाऊ ते आमना उतार शे, भाऊसाहेब."

मग शेजाऱ्याचं शेत काढलं. आरमकाठची काळी, चौकोनागणिक एकच ठिपका, रेघ कुठंच नाही. आजोबा बराच वेळ दोन्ही कागद शेजारी धरून बसले. मग स्वतःच्या शेताचा विहिरीकडचा चौकोन दाखवून म्हणाले, इथं बंधाऱ्यातला गाळ टाकलाय, अर्धा हात वाढवा.

मी पाऊण खोडून सव्वा लिहिलं.