कमी पाण्यावर तगणारी निर्गुडी : परड्यात, बांधावर कशी लावावी?

सदलगा : मार्च-एप्रिलमध्ये दूधगंगेचं पात्र आटलं की काळम्मावाडी धरणातून पाणी कधी सुटणार, याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. असलेलं पाणी आधी पिण्याला, जनावरांना आणि मग उसाला. परड्यातली फुलझाडं अशा वेळी वाळून जातात. मात्र त्याच उन्हात ओढ्याकाठची निर्गुडी हिरवी दिसते. विकतचं रोप न घेता आणि फार पाणी न घालता लावता येणारं हे वासाचं झुडूप आहे.

ओळख
शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो. तुळस, पुदिन्याच्या कुळात तिची गणना होते. कन्नडमध्ये तिला लक्की किंवा नेक्की म्हणतात. त्यामुळे रोपवाटिकेत ‘निर्गुडी’ म्हणून कळलं नाही, तर ‘लक्की गिड’ मागावं. एका देठाला तीन किंवा पाच पानं, मधलं सगळ्यात लांब. वरून हिरवं, खालून पांढुरकं. फुलं निळसर जांभळी, तुऱ्यात येतात आणि त्यावर मधमाश्या गोळा होतात. पान चुरगाळलं की उग्र वास सुटतो, ही खात्रीची खूण. पानाखालची बारीक लव पाण्याचं बाष्प कमी उडू देते. मुळं खोल जातात. म्हणून झाड ताण सोसतं.

लागवड
जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्की काडी घ्यावी. खालची पानं काढून निम्म्याहून जास्त काडी मातीत खोचावी. पिशवीत लावली तर सावलीत ठेवावी आणि फुटवा चांगला धरला की जागेवर लावावी. कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरतं. खड्ड्यात माती आणि कुजलेलं शेणखत घालावं. काळ्या जमिनीत कोवळ्या रोपाजवळ पाणी साचू देऊ नये, त्यासाठी रोप थोडं उंचवट्यावर लावलेलं बरं.

पाणी
पहिला उन्हाळा महत्त्वाचा. आठ-दहा दिवसांनी रोपाला एक घागर पाणी द्यावं आणि बुडाशी उसाचा पाला अंथरावा, ओल टिकते. इथं कंटाळा केला तर रोप जातं आणि मग ‘निर्गुडी आमच्याकडं येत नाही’ असं म्हटलं जातं. दुसऱ्या वर्षापासून कडक उन्हात एखाद-दुसरं पाणी दिलं तरी चालतं. ताण जास्त झाला तर पानं गळतात, पण झाड मेलं असं समजून उपटू नये. पावसाला ते पुन्हा फुटतं.

छाटणी
सोडून दिली तर दहा-पंधरा फूट वाढते. पावसाआधी कमरेएवढी छाटली की दाट होते. मुळातून नवे फुटवे येतात, म्हणून घराच्या भिंतीपासून लांब लावावी. सामाईक बांधावर लावायची असेल, तर शेजाऱ्याशी आधीच बोलावं. फुटवे पलीकडं गेले की वाद तिथूनच सुरू होतो.

उपयोग
शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे जिवंत कुंपणाला ती चांगली. वाळलेली पानं धान्याच्या कणगीत किडीसाठी घालतात. पाल्याचा धूर डासांसाठी करतात. सांधे दुखले की गरम पाल्यानं शेकतात. छाटलेल्या लवचिक फांद्या टोपल्या विणायला चालतात.

खबरदारी
शेक आणि लेप वेगळा, पोटात घेणं वेगळं. काढा किंवा रस वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नाहीच. सांध्याची सूज आठवड्यात उतरली नाही, तर पाला बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

एका झुडपातून पुढच्या पावसाळ्यात कितीतरी काड्या मिळतात. एका घरानं पहिला उन्हाळा झाड जगवलं की गल्लीला पुरेल एवढं बेणं तयार होतं.