ईमॅक्स-लिस्पमधील नामनिर्दिष्ट प्राचले : अनुक्त आणि 'निल' यांचा भेद

आज्ञावलीस द्यावयाच्या सामग्रीपैकी काही भाग वगळण्याची मुभा कशी द्यावी, हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिश्चितीचा आहे. एखादी गोष्ट मुद्दाम 'नाही' म्हणून सांगितली, की ती सांगितलीच नाही, हा भेद यंत्रास कळावयास हवा. ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या इतिहासात ह्या भेदाचा प्रवास स्पष्ट दिसतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्या सहकार्याने १९७६ साली एमआयटीत पहिला ईमॅक्स रचला, तो टेको संपादकाच्या मॅक्रोंचा संग्रह म्हणून. १९८५ सालच्या ग्नू ईमॅक्सला लिस्पचे अधिष्ठान लाभले. नावाने द्यावयाच्या प्राचलांची योजना स्टील यांच्या १९८४ सालच्या कॉमन लिस्पवरील ग्रंथात होती. परंतु ग्नू ईमॅक्सची लिस्प मुख्यतः मॅकलिस्पच्या वळणाची राहिली, आणि स्मृतीची काटकसर साधण्यासाठी कॉमन लिस्पची पुष्कळ वैशिष्ट्ये तीत घेतली गेली नाहीत. गाभ्यात 'ऑप्शनल' व 'रेस्ट' ह्या दोनच खुणा आल्या. 'ऑप्शनल' प्राचल स्थानाने ओळखले जाते. म्हणून चौथे द्यावयाचे तर मधल्या जागी 'निल' लिहावे लागते, आणि अनुक्त प्राचलही 'निल'च ठरते. भेद तेथेच लोपतो.

ही उणीव सीझर किरोझ यांच्या १९८६ सालच्या आणि तिचे समूळ पुनर्लेखन करणाऱ्या डेव्ह गिलेस्पी यांच्या १९९३ सालच्या 'सीएल' संग्रहाने भरून काढली. येथे 'की' ही खूण मुळात 'रेस्ट'च्या यादीवरच उभी आहे. यादीत प्रथम नाव शोधले जाते, मूल्य नव्हे. नाव सापडल्यास त्यापुढील मूल्य, ते 'निल' असले तरी, ग्राह्य. न सापडल्यासच ठरावीक मूल्य. अनोळखी नाव आढळल्यास दोष दाखविला जातो.

मॅक्रोच्या बाबतीत दोन गोष्टी अधिक आहेत. मॅक्रोस प्राचले मूल्यांकनापूर्वीच मिळतात. त्यामुळे नावांची तपासणी विस्ताराच्या वेळीच उरकते व नावातील चूक लवकर सापडते. मात्र ठरावीक मूल्याचे पदही त्याच वेळी मूल्यांकित होते. विस्तारात जावयाचे पद अवतरणातच द्यावे लागते. शिवाय नावांच्या मागून मुक्त आज्ञा येणार असतील तर 'की' ती नावांच्या जोड्या समजू लागते. म्हणून नावांची वेगळी यादी करावी लागते, किंवा 'डिफाइन-मायनर-मोड'मध्ये केले आहे त्याप्रमाणे आरंभीची नावे एकेक करून काढून घ्यावी लागतात.

'सीएल'च्या उपसर्गहीन नावांमुळे इतर आज्ञावलींशी संघर्षाची भीती असे. यास्तव ईमॅक्सच्या स्वतःच्या आज्ञावलींत तो केवळ संकलनकाळी वापरण्याचा दंडक होता. २०१३ साली २४.३ आवृत्तीत 'सीएल-लिब' आल्यावर प्रत्येक नावास 'सीएल-' हा उपसर्ग लागला, आणि २०२० साली २७.१ आवृत्तीने जुना संग्रह कालबाह्य ठरविला. नामनिर्दिष्ट प्राचलांची सोय मात्र अद्यापि गाभ्याबाहेरच्या ह्या संग्रहाकडेच राहिली आहे. ज्या मॅक्रोत 'निल' हे खरोखरीचे उत्तर असू शकते, तेथे हा आधार घेणे किंवा नावाचे अस्तित्व स्वतंत्रपणे तपासणे अपरिहार्य होय.