हुकूम दुरून: स्विचच्या काळ्या पडद्याची कुळकथा

वेड पांघरून जायचं ते पेडगाव भीमेकाठचं. परभणी जिल्ह्यातलं पेडगाव निराळं. परभणीहून मानवत रोडकडे निघालं की रेल्वेचं स्टेशन लागतं, ते. अशा गावी बँकेत किंवा स्टेशनात बसवलेला नेटवर्कचा स्विच अडला, तर दर वेळी कुणी गाडी काढून धावत नाही. शहरातला माणूस संगणकावर काळा पडदा उघडतो, आयपी पत्ता टाकतो आणि तिथूनच हुकूम सोडतो.

सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये हा दुरूनचा दरवाजा उघडायचा तर एक ओळ लिहावी लागते: ‘लाइन व्हीटीवाय ० ४’. शून्य ते चार, म्हणजे एका वेळी पाच जणांना प्रवेश. यातलं टीवाय टेलिटाइपचं. त्या खडखडणाऱ्या यंत्रावर एक ओळ टंकायची आणि उत्तर कागदावर छापून यायची वाट पाहायची. कागद गेला, यंत्र गेलं, ओळीने बोलायची रीत तेवढी राहिली. १९६९ मध्ये अर्पानेटवर टेलनेटची आखणी सुरू झाली, तीही एका संगणकापुढे बसून दुसरा चालवण्यासाठीच. स्विच त्या मानाने कालचं पोर. इथरनेटचा पहिला स्विच १९९० साली अमेरिकेत ज्या कंपनीने विकायला काढला तिचं नाव होतं कल्पना! संस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली.

टेलनेटची खोड एकच, पण जीवघेणी: पासवर्ड तारेतून उघडाच जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर सगळं बोलणं कुलूपबंद करून पाठवणारं एसएसएच लिहिलं आणि त्याच जुलैत ते सगळ्यांना फुकट दिलं. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ त्याने मागून घेतला. अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. सरकारी कागदांची सवय असलेल्यांना हे खरं वाटायचं नाही.

आज स्विचला नाव आणि डोमेन देऊन आरएसए किल्ली तयार करतात, ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ लिहिलं की टेलनेट बंद. चोराचा बंदोबस्त झाला, पण दुरून काम करताना खरी धास्ती स्वतःच्याच हाताची. ट्रंकवर, म्हणजे स्विचना जोडणाऱ्या सामाईक दुव्यावर, नवीन व्हीलॅन (जाळ्यातला वेगळा कप्पा) वाढवताना ‘ॲड’ हा शब्द राहिला, की आधीची सगळी यादी पुसली जाते आणि फक्त नवा आकडा उरतो. आपण ज्या व्हीलॅनवरून आत आलो तोच त्यात गेला, तर पडदा जागच्या जागी थिजतो. मग पेडगावची गाडी पकडायची!

म्हणून जाणती माणसं असल्या कामाआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतात. बदल अजून जतन केलेला नसतो. वाट तुटलीच तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप बंद होऊन उठतो, तो जुन्या मांडणीसह. सगळं सुरळीत दिसलं तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच बदल जतन करायला ‘राइट मेमरी’.