खाडीच्या पाण्यातील मैल्याचा माग

डुमसच्या समुद्राचे पाणी अंघोळीला योग्य आहे का, हे कसे ठरवतात? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार समुद्रस्नानाच्या 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू 100 पेक्षा जास्त नसावेत. या मोजणीने पाणी दूषित असल्याचे कळते. घाण कुणाची, ते कळत नाही.

1854 मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याने दगावलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवले. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तलावात कॉलऱ्याचा जंतू सापडला. भोवतालची वस्ती तेच पाणी पीत होती आणि त्यातच कपडे धूत होती. 1885 मध्ये थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या मुलांच्या विष्ठेतील जिवाणूचे वर्णन केले. तोच आजचा ई. कोलाय. पुढे पाण्यात तो सापडणे ही मैला मिसळल्याची खूण ठरली. पण तो माणसाप्रमाणेच गाई-म्हशींच्या आणि पक्ष्यांच्याही आतड्यात असतो. 2000 साली अमेरिकेतील ॲन बर्नहार्ड आणि कॅथरीन फील्ड यांनी बॅक्टेरॉइड्स गटातील जिवाणूंच्या डीएनएवरून माणसाचा मैला आणि गाईचे शेण वेगळे ओळखण्याची पद्धत मांडली.

पांडेसऱ्यातल्या आपल्या लोकांना हा इतिहास जवळचा वाटावा. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे इथे मिल आणि लूमच्या कामावर स्थिरावली. शेजारून भेदवाड खाडी वाहते. खाडीला वास सुटला, की बोट आधी ‘बाहेरून आलेल्यां’च्या वस्तीकडे वळते; फुटलेले ड्रेनेज, तबेल्याचे सांडपाणी यांची चौकशी मागाहून होते.

सप्टेंबर 1994 चा प्लेग ज्येष्ठांना आठवत असेल. तो पाण्यातून पसरणारा रोग नव्हता, पण पूर ओसरल्यावर शहर घाणीत बुडाले होते आणि लाखो लोक गाव गाठत होते. 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराचे सहा झोन करून अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले. घाण कुठे साचते ते जागेवर जाऊन पाहिले गेले, आणि थोड्याच काळात सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले.

खाडीलाही हाच न्याय हवा. नाला जिथे जिथे मिळतो, तिथे तिथे नमुने घेतले जावेत, आणि दोष द्यायचाच तर तपासणीनंतर द्यावा. ही मागणी आपल्या मंडळानेही महापालिकेकडे करावी.