कारण लेखी द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१८७८ या एकाच वर्षात लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा, दुसरा लोकांच्या हातातली हत्यारे काढून घेणारा. पहिल्याविषयी आपण शाळेत शिकतो. लॉर्ड रिपन आले आणि १८८२मध्ये तो रद्द झाला, म्हणून त्यांचे नावही आपल्या लक्षात राहते. दुसरा मात्र थेट १९६२पर्यंत चालू राहिला. लेखणी चार वर्षांत सुटली, बंदूक अडकली ती चौऱ्याऐंशी वर्षे. मी कविता लिहिणारा माणूस, साहजिकच लेखणीच्या बाजूचा. पण आज सांगायचे आहे ते बंदुकीसाठी झिजलेल्या लेखणीविषयी, म्हणजे हत्यार बाळगू द्या म्हणून आपल्या लोकांनी लिहिलेल्या अर्जांविषयी, ठरावांविषयी.

हत्यारांचा हा कायदा १८५७च्या धसक्यातून आला होता. त्याआधीही तात्पुरते कायदे झाले होते. १८७८च्या कायद्याने बंदोबस्त कायमचा केला. परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही, हत्यार घेऊन फिरायचे नाही. एवढेच असते तर लोक कदाचित कुरकुरून गप्प बसले असते. खरी मेख नियमांतल्या सवलतींच्या यादीत होती. युरोपियन, अमेरिकन, आर्मेनियन यांना परवाना लागत नसे. पुण्याच्या लष्कर भागातला इंग्रज व्यापारी खांद्यावर बंदूक टाकून तितर मारायला निघाला तर त्याला कोणी विचारणार नव्हते. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या इनामदाराने तसे केले तर तो गुन्हा. हत्यार धोक्याचे नव्हते, ते धरणारा हात कोणाचा एवढाच प्रश्न होता. लोकांना बोचले ते हे.

कायद्याने बंडे थांबली असेही नाही. पुढच्याच वर्षी, १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन पुणे-सातारा भागात उठले. त्यांना एडनला पाठवण्यात आले आणि १८८३मध्ये ते तिथेच वारले. ज्याला बंड करायचे त्याने परवान्याची वाट पाहिली नाही. परवान्याच्या रांगेत उभा राहिला तो सरळमार्गी माणूस.

आता या सरळमार्गी माणसाने गाऱ्हाणे लिहायचे कोणाला? आज आपण आमदाराकडे जातो, खासदाराला पत्र लिहितो. तेव्हा कायदेमंडळात बसत ते सरकारने नेमलेले लोक. आपण निवडून दिलेला असा माणूसच नव्हता. म्हणून ही मागणी काँग्रेसच्या मांडवात गेली. डिसेंबर १८८७मध्ये मद्रासला तिसरे अधिवेशन भरले, ६०७ प्रतिनिधी आले. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. तरुण बिपिनचंद्र पाल या अधिवेशनात हत्यारांच्या कायद्याविरुद्ध तळमळून बोलले. ठराव झाला. त्याचा आशय असा: लोकांची राजनिष्ठा, या कायद्याने होणारा जाच आणि देशावर विनाकारण बसलेला डाग पाहता सर्वांना हत्यार बाळगण्याची मोकळीक असावी. एखाद्या माणसाला किंवा समाजाला ती नाकारायची असेल तर सरकारने तसा हुकूम काढावा आणि नाकारण्याची कारणे लेखी नोंदवून प्रसिद्ध करावीत.

हे शेवटचे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. सगळ्यांना बंदुका वाटा, असे ही मंडळी म्हणत नव्हती. तुम्ही नाही म्हणू शकता, पण का नाही ते कागदावर लिहा आणि चारचौघांत सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वकिलांची सभा होती, मागणीही वकिली थाटाची. आज ती मवाळ वाटेल. पण ज्या सरकारला कोणालाच उत्तर द्यायचे नव्हते, त्याच्याकडे लेखी कारण मागणे साधी गोष्ट नव्हती.

अध्यक्षस्थानी तय्यबजी होते, याला माझ्या लेखी महत्त्व आहे. १८५७नंतर संशयाची नजर मुसलमानांवर जरा जास्तच रोखलेली होती. सर सय्यद अहमद खान तर मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे या मताचे होते आणि त्यावरून त्यांचा व तय्यबजींचा पत्रव्यवहारही झाला. अशा काळात एक मुंबईकर मुसलमान अध्यक्ष असलेली सभा ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणते, आणि ते एका समाजाच्या नव्हे तर साऱ्या देशाच्या वतीने म्हणते. हेच तय्यबजी पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मिळाला तो त्यांच्याकडून.

सरकारने ठराव ऐकला नाही. पुढच्या अधिवेशनांतही मागणी येत राहिली. काही समाजांची अडचण मात्र दूर झाली. कुर्गच्या कोडव लोकांना एकोणिसाव्या शतकातच सूट मिळाली होती. ती आजही आहे आणि सध्याच्या आदेशाप्रमाणे ३१ ऑक्टोबर २०२९पर्यंत चालणार आहे. शिखांनी कृपाणासाठी अर्ज-विनंत्या केल्या आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात एकेका प्रांतात कृपाण कायद्यातून वगळले गेले. १९२०च्या नियमांत गोऱ्या कातडीची सवलतही कागदावरून गेली.

आपल्या कोकणातून एक वेगळाच अर्ज निघाला होता. त्याची आठवण या संदर्भात फारशी कोणी काढत नाही. कंपनी सरकारच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. दापोलीला निवृत्त शिपायांची मोठी वस्ती होती. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढवय्या जमाती’ नावाचे खूळ साहेबाच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती बंद झाली. तेव्हा महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४मध्ये विनंतीपत्र तयार केले. पुढे १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेत भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. मद्रासच्या वकिलांना घरात बंदूक ठेवण्याची मोकळीक हवी होती. दापोलीच्या पेन्शनरांना पलटणीत ती पुन्हा हाती घ्यायची होती, कारण बंदुकीबरोबर शाळा, पगार आणि मान येत होता. परकी सरकारने टाकलेला डाग त्यांच्याही वाट्याला होता, आणि आपल्याच लोकांनी टाकलेला त्याहून जुना होता. अखेर १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

अहिंसेचे पुजारी गांधीजी या वादात कुठे होते, असे कोणी विचारील. ते मागणी करणाऱ्यांतच होते. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणेल, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. जानेवारी १९३०मध्ये सरकारपुढे ठेवलेल्या अकरा कलमांत मिठाच्या कराबरोबर एक कलम स्वसंरक्षणाच्या बंदुकीच्या परवान्यांचेही होते, मात्र त्यावर लोकांचे नियंत्रण हवे अशी अट घालून. १९३१च्या कराचीच्या ठरावाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत जे अंतिम रूप मिळाले, त्यात नियमांच्या मर्यादेत हत्यार बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा म्हणून नोंदला गेला.

म्हणजे स्वराज्य आल्यावर हा हक्क घटनेत यायला हवा होता. डिसेंबर १९४८च्या पहिल्या एक-दोन दिवसांत घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी उपसूचना मांडली. कामत मूळचे मंगलोरचे, आय.सी.एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले. आजवर हक्क मागायचा होता तो परक्या सरकारकडे. आता मागणारे आपले आणि देणारेही आपलेच.

बाबासाहेब आंबेडकरांनी उपसूचना स्वीकारली नाही. इंग्रजांनी जनतेला निःशस्त्र केले होते तेव्हा या मागणीला अर्थ होता. आता परिस्थिती बदलली आहे. व्यक्तीच्या हत्यार बाळगण्याच्या हक्कापेक्षा प्रसंग पडल्यास हत्यार उचलण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा. आणि हक्कच दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, त्यांना नाही कसे म्हणणार? असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. उपसूचना पडली.

ते सभागृह कोणत्या वर्षात बसले होते ते पाहा. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. ३० जानेवारीला गांधीजींवर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आणि कर्तव्याची गोष्ट करणारा माणूस सुभेदार रामजींचा मुलगा होता, पलटणीच्या दारातून परत पाठवलेल्या समाजाचा. पलटणीतली बंदूक आणि घरातली बंदूक यांतला फरक त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसणार. हा माझा तर्क. दंगलीत हक्काची बंदूक कोणाच्या हाती असते आणि कोणाच्या नसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना बाबासाहेबांचा नकार समजायला वेळ लागत नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे. कामतांचे भाषण मात्र मला पोकळ वाटत नाही, कारण त्यामागे साठ वर्षांचे ठराव होते.

अमेरिकेत १७९१पासून हा हक्क घटनेत आहे. त्यामुळे तिथला नागरिक असलेला हक्क राखण्यासाठी लिहितो. १९३४मध्ये मशिनगनवर कर आणि नोंदणी बसवणारे विधेयक आले, तेव्हा मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. नॅशनल रायफल असोसिएशनने सभासदांना आपापल्या प्रतिनिधींना लिहायला सांगितले. पत्रे आणि तारा गेल्या, पिस्तुले मसुद्यातून गळाली. मतदाराच्या पत्राने कायदा वाकतो, हे त्या संघटनेला तेव्हाच कळले.

आपल्याकडेही तो अनुभव अलीकडे आला. १९८३पासून एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. २०१९च्या विधेयकात ती संख्या एकवर आणायचे ठरले होते. ज्या भागांत वाडवडिलांच्या बंदुका भिंतीवर टांगलेल्या आहेत, तिथून आरडाओरडा झाला आणि कायदा होताना एकच्या दोन झाल्या. हक्क नसलेल्या देशात हेही थोडे नाही.

१८७८चा कायदा मोडीत काढून केलेला नवा कायदा १९५९चा, अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ला. त्यातले चौदावे कलम वाचताना मला मद्रासचा मांडव दिसतो. परवाना नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत, आणि अर्जदाराने मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, त्याला ती थोडक्यात कळवावीत. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नाही म्हणता येणार नाही, असेही तिथे लिहिले आहे. १८८७मध्ये मागितलेली मोकळीक मिळाली नाही. लेखी कारण मिळाले, तेही अर्जदारापुरते.

कोकणात बंदूक म्हणजे बहुतेक वेळा शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक. रानडुक्कर एका रात्रीत भाताचा खाचर लोळवतो, वानरे नारळ उतरवतात. निवडणूक आली की छाननी समिती ठरवील त्यांना ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे परवान्याचे गाऱ्हाणे न्यायचे त्याला निवडून देण्याच्या दिवसांत बंदूक घरात नसते!

कवी असल्याचा गावाला उपयोग एकच, अर्ज लिहायला. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे तात्या आले. वडिलांच्या नावावरची बंदूक त्यांना स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती आणि परवाना होणार नाही असे तोंडी सांगण्यात आले होते. ‘‘भाई, तुमचं मराठी चांगलं. आमदारांना एक कडक पत्र लिहून द्या,’’ म्हणाले. मी दोन कागद लिहिले. एक आमदारांना. दुसरा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना, चौदाव्या कलमाचा आधार घेऊन नकाराचे कारण लेखी मागणारा. दुसऱ्यावर तात्यांचा विश्वास नव्हता. ‘‘असं कारण मागितलं तर राग नाही का येणार त्यांना?’’ असे दोनदा विचारून त्यांनी सही केली.

आमदारांकडून शुभेच्छांचे पत्र आले. अधिकाऱ्यांकडून पाच आठवड्यांनी दोन ओळी आल्या: शेत वस्तीला लागून असल्याने परवाना देता येत नाही. तात्यांचे शेत वस्तीपासून चांगले लांब, ओढ्यापलीकडे आहे. त्यांनी सातबारा आणि गावचा नकाशा काढला आणि तीस दिवसांच्या आत अपील केले.